गायन आणि ध्वनिमुद्रण: गुण एकत्र द्यावेत की वेगळे?

धरमपेठेतील श्रोता: वडिलांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची नोंदवही करताना मी प्रत्येकीला एकच गुण देत आलो, परंतु गाणे अप्रतिम आणि खरखर असह्य असेल, तर काय द्यावे, हे ठरवता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

महालवासी: गुण वेगळेच लिहावेत. 1925 च्या सुमारास विद्युत मुद्रण येण्यापूर्वी कलावंत कर्ण्यात गात असत, त्यामुळे आवाजाचा खर्ज आणि झळाळी त्यात पुरती उतरलीच नाही; हा दोष गायकाच्या माथी मारू नये. शिवाय मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, म्हणून तिच्यात विलंबित, म्हणजे संथ लयीतला, विस्तार शोधणे मला अन्यायाचे वाटते. व्हॉयेजर यानांबरोबर 1977 मध्ये अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे, आणि तरी ती परिपूर्ण आहे.

सीताबर्डीकर: आधी सुई तपासावी. एलपीची, म्हणजे नंतरच्या, जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीची, बारीक सुई 78 च्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते.

धरमपेठेतील श्रोता: सुई एलपीचीच निघाली. आभारी आहे, योग्य सुई मिळताच सर्व तबकड्या पुन्हा ऐकेन.