नोटर डेमनं आता तरी कॉन्फरन्समध्ये जावं का?

साउथबेंडकर_ताई

तीन आठवडे झाले, घरात अजून दोन तट आहेत, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

७ डिसेंबर २०२५ ला अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफची यादी आली. नोटर डेम, म्हणजे आमच्या साउथ बेंडमधलं कॅथलिक विद्यापीठ, १० जिंकलेले, २ हरलेले, शेवटचे दहा सलग जिंकलेले, आणि तरी बारा संघांच्या बाहेर. आम्ही स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर राहतो. मॅचच्या शनिवारी अंगणात गाड्या लावू देतो. नऊ मावतात, दहावी घेतली की शेजारच्या आजी पडदा बाजूला करून बघतात. गेल्या वर्षी २० डिसेंबरला इंडियानाविरुद्धची प्लेऑफ मॅच इथेच झाली. कॉलेजच्या स्वतःच्या मैदानावर झालेली प्लेऑफची ती पहिलीच मॅच. कडाक्याच्या थंडीत मी गॅरेजमध्ये शेगडी लावून साबुदाणे वडे तळले होते. यंदाही दोन किलो साबुदाणा आणून ठेवलाय, तो तसाच डब्यात आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: इथली बहुतेक कॉलेजं कुठल्या तरी कॉन्फरन्सची सभासद असतात. हाउसिंग सोसायटी समजा. बरंचसं वेळापत्रक सोसायटी ठरवते, टीव्हीचे पैसे वाटून मिळतात, शेवटी विजेतेपदाचा एक सामना होतो. नोटर डेम म्हणजे सोसायट्यांच्या मधोमध उभा असलेला जुना बंगला. बास्केटबॉल वगैरेत २०१३ पासून एसीसी या कॉन्फरन्सचे सभासद, हॉकीत बिग टेन या दुसरीचे, फुटबॉलमध्ये मात्र कुणाचेच नाहीत. एसीसीतल्या संघांशी वर्षाला साधारण पाच सामने खेळायचे, एवढाच करार. थोडक्यात, जिना वापरायचा, पण सभासदत्वाच्या फॉर्मवर सही करायची नाही.

मुलगा पर्ड्यूला, म्हणजे बिग टेनमधल्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "आई, बिग टेनमध्ये या आणि मोकळे व्हा." (पर्ड्यूनं गेल्या वर्षी आमच्याकडून ६६-७ नं मार खाल्ला, यंदा ५६-३०, तरी तोंड सुरूच.) हे म्हणतात, "ज्यांनी एकेकाळी दारात उभं केलं नाही, त्यांच्या पंगतीला आता बसायचं?" मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. तुम्हाला काय वाटतं?

ॲन_आर्बरचा_अण्णा

ताई, मी मिशिगनवाला, म्हणजे बिग टेनचाच, तेव्हा माझं मत जरा जपून घ्या. दारात उभं केलं नाही हे खरं आहे. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट नोटर डेमच्या बिग टेनमधल्या प्रवेशाला आडवे आले होते, आणि त्यात कॅथलिकांबद्दलचा आकसही होता असं म्हणतात. पण त्याला शंभर वर्षं झाली. १९९९ मध्ये बिग टेन स्वतः अक्षता घेऊन आली होती, तेव्हा तुमच्याच विश्वस्तांनी नको म्हटलं. मग आता रडायचं कशाला? सगळे शेवटच्या शनिवारी विजेतेपदाचा सामना खेळतात, तुम्ही सोफ्यावर बसून निकालाची वाट बघता.

साउथबेंडकर_ताई

अण्णा, त्या शनिवारी मायामीही सोफ्यावरच होती हो! एसीसीचा अंतिम सामना ड्यूक आणि व्हर्जिनिया खेळले. मायामी घरी बसून आत आली, कारण ऑगस्टअखेर तिनं आम्हाला २७-२४ हरवलं होतं. आणि अलाबामा आपल्या कॉन्फरन्सचा, एसईसीचा, अंतिम सामना खेळली, जॉर्जियाकडून २८-७ हरली, तरी नवव्या नंबरवरून हलली नाही. म्हणजे तेरावा सामना खेळून ना कुणाचं भलं झालं, ना न खेळून वाईट.

खरं सांगू? आम्ही बाहेर राहिलो ते टेक्सस ए अँड एमच्या मॅचमुळे. टचडाउननंतरच्या एका गुणाच्या किकला चेंडू नीट धरताच आला नाही, तो गुण गेला, आणि शेवटी ४१-४०. मी तेव्हा अंगणात गाड्या काढून देत होते, आवाजावरूनच कळलं. पुढे प्लेऑफमध्ये आम्हाला हरवलेले तेच दोघं एकमेकांसमोर आले आणि मायामी १०-३ नं जिंकली, हे तर मीठ चोळणंच झालं.

मग बाउलचं (प्लेऑफबाहेरच्या मोसमाअखेरच्या सामन्याचं) आमंत्रण नाकारलं ते मात्र मला आवडलं नाही. रुसून ताटावरून उठू नये. ह्यांना ते फार बाणेदार वाटलं.

डॅलसचा_बाळ्या

भावना बाजूला ठेवा, हिशेब बघा. गेल्या मोसमात नोटर डेम अंतिम सामन्यापर्यंत गेली, प्लेऑफचे दोन कोटी डॉलर मिळाले, आणि त्यातला एक पैसाही कुणाला वाटावा लागला नाही. एनबीसी १९९१ पासून त्यांचे घरचे सामने दाखवते, करार २०२९ पर्यंत आहे. २०२४ मध्ये स्वतंत्र संघाला पहिल्या फेरीची सूट मिळू शकत नव्हती, ती अडचणही यंदा गेली. २०२६ पासून तर क्रमवारीत पहिल्या बारात आले की प्रवेश नक्की. एवढं सगळं असताना सभासद व्हायचं ते कशाला, पार्किंगवरून भांडायला?

लीहायचा_पाहुणा

मी युटामध्ये राहतो, बीवाययूचा (इथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा) चाहता. आम्ही २०११ ते २०२२ स्वतंत्र राहून पाहिलंय, म्हणून बोलतो. पैशाचं सोडा, तुमच्याकडे एनबीसी आहे. खरी अडचण तारखांची.

सप्टेंबरात सगळे खेळायला तयार असतात. ऑक्टोबर लागला की जो तो आपापल्या कॉन्फरन्समध्ये अडकतो. नोव्हेंबरात उरतात ते छोटे संघ, ज्यांना हरवून कुणी विचारत नाही आणि ज्यांच्याकडून हरलात तर जन्मभर ऐकावं लागतं. २०२० मध्ये आमचा कोस्टल कॅरोलायनाशी सामना गुरुवारी ठरला आणि शनिवारी झाला, २२-१७ हरलो. आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत भारी मॅचपैकी एक, पण वेळापत्रक असं चालतं का? शेवटी २०२३ मध्ये बिग १२ कॉन्फरन्समध्ये गेलो.

तुमचं नाव मोठं, म्हणून इतकी वर्षं लोकांनी तुमच्यासाठी तारखा राखल्या. आता बिग टेनचे नऊ सामने आपसात, एसईसीही २०२६ पासून नऊवर जातेय. मोकळ्या तारखा आटल्या की स्वतंत्र असून खेळायचं कुणाशी? १९२६ पासूनची तुमची प्रतिस्पर्धी यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ), तिच्याशी २०२६ मध्ये सामना नाही. स्वतंत्र उरलात तुम्ही आणि कनेटिकट. आर्मीसुद्धा (लष्करी अकादमीचा संघ) २०२४ मध्ये अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेली.

साउथबेंडकर_ताई

पाहुणे, हे तुम्ही म्हणालात ते मी रात्री ह्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून बर्फ काढायला गेले. आमच्याकडे याचा अर्थ पटलं असा होतो.

मुलाला मात्र मी सांगितलं की बिग टेन विसर. २०३६ पर्यंत फुटबॉलसाठी कुठे जायचंच झालं तर एसीसीतच जायचं, असं लिहून दिलेलं आहे. यूएससी आता बिग टेनमध्ये आहे, ती परत मिळावी म्हणून तिकडे जायचं, हा त्याचा मुद्दा मला आवडला होता, पण कागद आडवा येतो.

माझी एकच अट. कुठेही जा, नेव्ही (नौदल अकादमीचा संघ) सोडायची नाही. दुसऱ्या महायुद्धात कॉलेज पैशाला महाग झालं होतं, तेव्हा नौदलानं आपले प्रशिक्षणार्थी इथे पाठवले आणि ते तगलं. त्याची जाण म्हणून दरवर्षी त्यांच्याशी खेळतात, मधे फक्त २०२० मध्ये कोविडमुळे चुकलं. नऊ सामने कॉन्फरन्सचे धरले तरी तीन उरतात, त्यात एक नेव्ही बसते. तेवढं जमलं तर माझी सही घ्या.

डॅलसचा_बाळ्या

ताई, अवांतर. गाडीचे किती घेता?

साउथबेंडकर_ताई

चाळीस डॉलर. नेव्हीच्या मॅचला तीस, आणि गणवेशातला कुणी असेल तर काहीच नाही. यूएससी दर दुसऱ्या वर्षी यायची, तेव्हा साठ घेत होतो.