मोठेबाबांच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई: घरच्या ग्रुपवरची चर्चा

काकू: दादा, मोठेबाबांचा लॅपटॉप झाला काय चालू? पोराले अभ्यासाच्या पीडीएफ उघडाच्या आहेत.

दादा: झाला काकू. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लेच संपला अन् 11 त्याच्यावर चढत नाही. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, तिची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. एक्सएफसीई म्हणजे पडद्यावर दिसणारा हलका डेस्कटॉप. 4 जीबी रॅम आहे, पुरते तेवढी.

ताई: मग जरा दिसायलेही चांगला कर. खाली डॉक, म्हणजे आयकॉनची पट्टी, अन् पारदर्शक खिडक्या. एक्सएफसीईत सगळं होते म्हणतात.

दादा: होते ना ताई. 1996 पासून चालत आलेला डेस्कटॉप आहे, पॅनल, मेनू, आयकॉन काहीही बदलता येते. पण वापरणार मोठेबाबा. सातबारा पाहणार, संध्याकाळी कीर्तन लावणार. म्हणून आधी डोळ्यांचं पाहिलं. अपिअरन्समध्ये फॉन्ट्सच्या टॅबवर कस्टम डीपीआय असते, म्हणजे अक्षरं किती मोठी दिसतील त्याचा आकडा, तो 96 चा 120 केला. मेनूतली, फायलींच्या नावातली जोडाक्षरं आता चष्म्याशिवाय वाचता येतात त्यांना. मग विंडो मॅनेजर ट्वीक्समधला कंपोझिटर बंद केला. सावल्या, पारदर्शकता हे सगळं तोच करते. जुन्या ग्राफिक्सवरचा तेवढा भार कमी झाला.

ताई: सावल्या काढल्या तर एक खिडकी कुठं संपते अन् दुसरी कुठं सुरू होते ते दिसत नाही. मोठेबाबांनाच त्रास होईल, पाहजो.

दादा: हे बरोबर बोलली. विंडो मॅनेजरच्या स्टाईलमध्ये डिफॉल्ट-एचडीपीआय थीम आहे, ते लावतो. वरची पट्टी जाड होते, बंद करायचं बटणही मोठं. कीर्तनाच्या व्हिडिओत चित्र आडवं फाटल्यासारखं दिसलं तर मात्र कंपोझिटर परत चालू करू.

मोठेबाबा: खालच्या पट्टीवर नुसते चित्रं हायेत. कोनतं कायचं, समजत नाई. नाव पायजे.

दादा: करतो मोठेबाबा. विंडो बटन्सच्या प्रॉपर्टीजमध्ये शो बटन लेबल्सवर टिक केली की नाव येते. ताई, डॉक याच्यासाठीच नाही लावला. पडदा 1366 बाय 768 चा आहे, उंची आधीच कमी. खाली एकच पॅनल पुरे.

मोठेबाबा: मराठीत अर्ज लिहाचा आहे सोसायटीले.

दादा: कीबोर्डच्या लेआउट टॅबवर सिस्टीम डिफॉल्टची टिक काढून मराठी कागप जोडला आहे. के दाबलं की क, जी दाबलं की ग. इनस्क्रिप्ट ही दुसरी मराठी मांडणीही आहे तिथं, पण तुम्ही कधी शिकले नाही, तर कागपच बरा.

काकू: पोरगं हात लावून सगळं बदलवून टाकीन.

दादा: त्याचं वेगळं खातं काढतो. एका खात्यात केलेले बदल दुसऱ्यात जात नाहीत. मोठेबाबांच्या खात्यातल्या डॉट कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरमधलं, सेटिंग्ज ठेवणारं एक्सएफसीई4 फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं आहे. पॅनल गेलं, अक्षरं लहान झाली, काही झालं तरी लॉगआउट करून तेवढं परत टाकायचं, लॅपटॉप नव्यानं भरायची गरज नाही.

ताई: मग पोराच्या खात्यात डॉक मी लावीन. दिवाळीत येते तेव्हा.

दादा: लाव ना. फक्त चार्जर काढू नको, बॅटरी बसलेली आहे. लाईन गेली की डायरेक्ट बंद होते.

मोठेबाबा: घडी मोठी कर. तारीखबी दिसू दे.