मदत हवी आहे : उंदीर पळाले, मेथी प्यायले, जनुकं हलली, पण कोलेस्टेरॉल जागच्या जागी

मेथीचा_लाडू

नमस्कार मंडळी. एरवी इथे पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

पुण्यात एम.फार्म. करतेय, थिसिस द्यायला तीन आठवडे उरलेत. विषय : मेथीदाण्यांचा अर्क आणि पळण्याचा व्यायाम यांचा उंदरांच्या यकृतातल्या कोलेस्टेरॉलच्या जनुकांवर होणारा परिणाम. मेथीच का, तर आपल्या गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून २०१० साली एक शोधनिबंध आला होता. मेथीच्या अर्काने यकृताच्या पेशींत एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) रक्तातून उचलणारे रिसेप्टर वाढतात असं त्यात दाखवलंय. म्हटलं, त्याला व्यायामाची जोड देऊन बघू.

तीस विस्टार जातीचे उंदीर, सहा-सहाचे पाच गट : साधं खाणं; चरबीचं खाणं; चरबी अधिक मेथी; चरबी अधिक पळणं; आणि शेवटच्या गटाला तिन्ही. आठ आठवडे. चरबी म्हणजे डालडा आणि खोबरेल तीनास एक, वर कोलेस्टेरॉल आणि कोलिक अ‍ॅसिड. अर्क २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो, रोज नळीने पोटात. ट्रेडमिल आठवड्यातून पाच दिवस. पहिल्या आठवड्यात निम्मे उंदीर पळतच नव्हते. पट्ट्याच्या मागच्या टोकाला बसायचे, शेपूट शॉकच्या जाळीला लागली की दोन पावलं पुढे, की परत मागे. शेवटी अ‍ॅनिमल हाऊसचे मामा म्हणाले, "पोरी, सकाळी काय पळवतेस, झोपायची वेळ आहे त्यांची." संध्याकाळी दिवे मंद करून पळवले, तेव्हा कुठे पळाले.

आता गोंधळ ऐका. व्यायामाच्या दोन्ही गटांत एबीसीए१ (पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या प्रथिनाचं जनुक) जवळपास दुप्पट. एचएमजीसीआर (कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक; स्टॅटिनच्या गोळ्या हाच एन्झाइम अडवतात) पाचव्या गटात सगळ्यात खाली, त्यामुळे सर खूश : "स्टॅटिनसारखं काम करतंय!" सीवायपी७ए१ (कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करणारा एन्झाइम) मेथीने वाढणार असं मी सिनॉप्सिसमध्ये छातीठोकपणे लिहिलं होतं, तो चरबीच्या चारही गटांत पडलेला. आणि रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल? दुसऱ्या गटात जेवढं, तेवढंच मेथीवाल्यांत आणि पळणाऱ्यांत. वर दोन उंदरांचं एलडीएल उणे आलंय. उणे! जनुकं हलली तर रक्तात का दिसेना?

सदाशिवपेठी

म्हणजे मेथी खायची की नाही, एवढंच सांगा. आमच्याकडे आईने कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून मेथीचं पाणी सुरू केलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्याशा उंदरांचंच वाचून.

पिंजरा_नंबर_सात

ताई, उणे एलडीएलचं आधी. फ्रीडवाल्डचं सूत्र लावलंत ना? एकूणमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा? ते १९७२ साली माणसांच्या रक्तावरून बांधलेलं सूत्र आहे. उंदराच्या रक्तात एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एलडीएलकडे नेणारं सीईटीपी हे प्रथिन नसतं, त्यामुळे त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असतं. एलडीएल मुळात चिमूटभर, त्यातून तुम्ही वजाबाकी करणार, मग उणे येईल नाहीतर काय? तो रकाना काढून टाका. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

आणि त्यातच तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एबीसीए१ पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढून एपीओ-ए१ या प्रथिनाला देतो, त्यातून एचडीएल तयार होतं. ज्या प्राण्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलच आहे, त्याच्यात एबीसीए१ वाढल्यावर एकूण आकडा उतरायची अपेक्षाच चुकीची. एचडीएल वेगळं मोजलंय का?

मेथीचा_लाडू

मोजलंय! चौथ्या-पाचव्या गटात वाढलंय. मी ते "लक्षणीय नाही" म्हणून परिशिष्टात टाकलं होतं.

पिंजरा_नंबर_सात

परिशिष्टातून बाहेर काढा, लक्षणीय नाही हे स्पष्ट लिहून. ट्रेडमिलने उंदरांच्या यकृतात एबीसीए१ वाढतो हे इराणमधल्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलंय, तुम्ही एकट्या नाही.

पित्तप्रकृती

सीवायपी७ए१ साठी मेथीला दोष देऊ नका, तुमच्या खाण्याला द्या. उंदराला नुसतं कोलेस्टेरॉल घातलं तर हा एन्झाइम वाढतो आणि तो जास्तीचं कोलेस्टेरॉल पित्ताम्लात बदलून निकाली काढतो. म्हणूनच उंदरांचं कोलेस्टेरॉल सहज चढत नाही, आणि म्हणूनच सगळे जण खाण्यात कोलिक अ‍ॅसिड मिसळतात. पण कोलिक अ‍ॅसिड स्वतःच पित्ताम्ल. यकृताला वाटतं पित्ताम्लं मुबलक आहेत, पित्ताम्लं ओळखणारा एफएक्सआर जागा होतो आणि सीवायपी७ए१ दाबून टाकतो. दार तुम्हीच बाहेरून लावलंत, मेथी बिचारी आतून ढकलतेय.

अवांतर : २००२ मध्ये गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरोन याच एफएक्सआरला अडवतं असं निघालं आणि वाटलं, झालं, गुग्गुळाने कोलेस्टेरॉल कसं उतरतं याचं कोडं सुटलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत माणसांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरायच्या ऐवजी थोडं चढलं. सदाशिवपेठी, हे आईंना वाचून दाखवा.

पिंजरा_नंबर_सात

एचएमजीसीआरबद्दल एक विचारायचं राहिलं. प्राणी कापले कधी, आणि कुठल्या क्रमाने?

मेथीचा_लाडू

एकाच दिवशी. रात्रभर उपाशी ठेवून, सकाळी ९ ला पहिला गट, मग क्रमाने. एकेकाला पंधरा मिनिटं. शेवटचा उंदीर साडेचारला झाला. का?

पिंजरा_नंबर_सात

अरे देवा.

पाचवा गट पहिल्यापेक्षा सहा तास जास्त उपाशी. उपासाने एचएमजीसीआर उतरतो. शिवाय उंदराच्या यकृतात तो घड्याळाप्रमाणे वरखाली होतो, रात्री चढतो, दिवसा पडतो. सीवायपी७ए१ चंही तसंच. तुमच्या मामांनी जे सांगितलं ते ट्रेडमिलसाठी ऐकलंत, कापताना विसरलात. सरांचं ते 'स्टॅटिन' म्हणजे कदाचित नुसती भूक आणि दुपार. प्रत्येक गटातला एकेक उंदीर आळीपाळीने घ्यायला हवा होता. आता इलाज एकच : वेळांची नोंद असेल तर प्रत्येक गटाच्या आतल्या आत सहा उंदीर वेळेप्रमाणे मांडा. गटाच्या आतही आकडा वेळेबरोबर घसरत असेल तर दोष घड्याळाचा. सहाच बिंदू आहेत, सिद्ध काही होणार नाही, पण वास येईल.

सदाशिवपेठी

आईला गुग्गुळाचं वाचून दाखवलं. म्हणाली, मी कुठे गुग्गुळ घेतेय, मी मेथी घेतेय.

पित्तप्रकृती

हा हा. मग हिशोब सांगा. उंदराचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागतात. २०० चे झाले ३२ मिलिग्रॅम प्रतिकिलो, साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम अर्क. लाडूताई, अर्क किती निघाला?

मेथीचा_लाडू

शंभर ग्रॅम दाण्यांतून बारा ग्रॅम.

पित्तप्रकृती

म्हणजे रोज सोळा ग्रॅम दाणे, तेही ज्या डोसाने उंदरांचं कोलेस्टेरॉल हललं नाही तो गाठायला. रात्री भिजवलेल्या चमचाभर मेथीचं पाणी कुठे बसतं बघा. भाजीत, लाडवात खुशाल खा. पण गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, आणि मेथीने साखरही उतरू शकते, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा त्यांना.

मेथीचा_लाडू

परत आले. काल रात्री वहीतल्या वेळा काढून आलेख काढले. एचएमजीसीआर पहिल्या गटातसुद्धा नऊपासून साडेदहापर्यंत उतरत जातोय, आणि त्यांना ना मेथी दिली ना पळवलं. पाचव्यात उतार आणखी तीव्र. एबीसीए१ ला तसा उतार कुठल्याच गटात नाही, चौथ्या-पाचव्यात तो पहिल्या उंदरापासूनच वर आहे. तेवढा टिकला म्हणायचा.

सरांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "शीर्षकातून स्टॅटिन काढ." उणे एलडीएलचा रकाना काढला. कोलिक अ‍ॅसिडचा परिच्छेद चर्चेत टाकतेय. यकृताचे तुकडे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहेत, त्यातलं कोलेस्टेरॉल मोजणार. गुरुवारी लाइट गेली तेव्हा फ्रीजरचा अलार्म वाजला आणि माझ्या पोटात गोळा आला होता, पण जनरेटरने सांभाळलं.

आता एकच मागणं. सगळी मोजणी जीएपीडीएच हे जनुक स्थिर धरून त्याच्या तुलनेत केलीय आणि व्यायामाने तोच हलतो असं बाहेरच्या परीक्षकांनी आधीच्या एका व्हायव्हात ऐकवलंय म्हणे. दुसऱ्या आधार-जनुकाचा नवीन प्रायमर (जनुक मोजायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवायला वेळ नाही. पाषाण, औंध, शिवाजीनगर, कुठेही कोणाकडे उंदराचा १८एसचा किंवा बीटा-अ‍ॅक्टिनचा प्रायमर पडून असेल तर व्यनि करा. वीस मायक्रोलिटर पुरतील. बर्फाचा डबा घेऊन मीच येईन.