रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणारं लष्करी डॉक्टरांचं मंडळ) बीपी 30% लिहिलं, पण ‘सेवेशी संबंध नाही’ म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. आता काय करता येईल?

प्रश्न – वाईकर_पुतण्या

नमस्कार. काका तोफखान्यात हवालदार होते. भरती जानेवारी 1997, 24 वर्षं पूर्ण करून 31 जानेवारी 2021 ला निवृत्त. 2013 मध्ये ब्लड प्रेशर निघालं, तेव्हापासून लो मेडिकल (खालची वैद्यकीय श्रेणी). निवृत्तीच्या वेळच्या बोर्डाने असं लिहिलंय:

बीपी – 30%, कायमस्वरूपी, सेवेमुळे नाही आणि सेवेत वाढलेलंही नाही.
दोन्ही कानांना कमी ऐकू येणं – 15 ते 19%, सेवेमुळे.
एकत्रित 40%. पेन्शनसाठी पात्र टक्केवारी – शून्य.

कान सेवेमुळे गेले हे बोर्डानेच मान्य केलंय, मग शून्य कसं? नकाराच्या पत्रात सहा महिन्यांत अपील करा असं होतं, ते केलेलं नाही. आता उशीर झाला का? नेहमीची पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याचं ऑनलाइन पेन्शन पोर्टल) व्यवस्थित येते.

उत्तर 1 – नोंदवही_नाशिक

शून्य का, ते आधी. सेवेशी जोडलेलं अपंगत्व किमान 20% असावं लागतं. कान एकटे 20 च्या खाली आहेत आणि बीपी बोर्डाने बाजूला काढलंय, म्हणून हाती काही उरलं नाही. सुखविंदर सिंग निकालाचा (2014) हवाला देऊन ‘20% पेक्षा कमी असलं तरी मिळतं’ असं कोणी सांगेल. तो निकाल सेवा अर्धवट असताना वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्यांसाठी आहे. मुदत पूर्ण करून आलेल्यांचं अपंगत्व 20 च्या खाली असेल तर राउंडिंग (टक्केवारी वरच्या टप्प्याला धरणं) नाही, हे सुप्रीम कोर्टाने एस. पी. राठोर प्रकरणात (2019) स्पष्ट केलंय. त्यामुळे सगळा जोर बीपीवर लावा. ते सेवेशी जोडलं गेलं की एकत्रित 40% आपोआप पात्र ठरतं.

पहिलं काम कागदपत्रांचं. रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांची सेवा-कागदपत्रं सांभाळणारं लष्करी कार्यालय) जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. अर्ज काकांच्या नावाने आणि काकांच्या सहीने जाऊ द्या. पुतण्याच्या नावाने गेला तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून परत येतो आणि महिना फुकट जातो. आर्मी नंबर, रँक, भरती आणि निवृत्तीची तारीख लिहून हे मागा:

– रिलीज मेडिकल बोर्डाची (एएफएमएसएफ-16) सगळी पानं
– बीपी पहिल्यांदा निघालं तेव्हाचं आणि नंतरची, वैद्यकीय श्रेणी ठरवणारी कॅटेगरी बोर्डं (एएफएमएसएफ-15), सोबत स्पेशालिस्टचं मत (एएफएमएसएफ-10)
– भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी
– पोस्टिंग प्रोफाइल (कुठे कधी नेमणूक होती त्याची यादी), प्रत्येक ठिकाणापुढे फील्ड (मोहिमेचा भाग) की पीस (शांततेचं ठिकाण) या नोंदीसह
– क्लेम नाकारल्याचा आदेश

‘मेडिकल कागद द्या’ असं मोघम लिहिलं तर शेवटच्या बोर्डाची दोन पानं हातात ठेवतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारातलं पहिलं अपील करा.

उत्तर 2 – बेळगाव_कॅम्प

अपिलात वेळ घालवू नका, थेट ट्रायब्युनलला (सशस्त्र सेना न्यायाधिकरण) जा.

उत्तर 3 – कलम_चौदा

थेट जाऊ नका. सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा, 2007 च्या कलम 21 नुसार आधी विभागातले मार्ग वापरावे लागतात. पहिलं अपील पाठवा, त्यात उशिराचं खरं कारण लिहा आणि उशीर माफ करण्याची विनंती करा. रजिस्टर्ड पोस्टाने रेकॉर्ड ऑफिसलाच पाठवा, दिल्लीला नको. सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो. ‘मुदत संपली’ म्हणून फेटाळलं तरी ते पत्र फेकू नका, याचिकेला जोडायला तेच लागतं.

वाईकर, नुसतं ‘अन्याय झाला’ असं लिहून अपील पास होत नाही. बोर्डाने कारणाच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय ते बघा. बीपीच्या प्रकरणात बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘पीस स्टेशनवर सुरुवात, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सच्या ताणाशी संबंध नाही’ (सीआय ऑप्स म्हणजे बंडखोरीविरोधी कारवाया). या ओळीला तीन बाजूंनी उत्तर द्यायचं.

एक, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवा नियमावलीचा (1983) नियम 423(अ). आजाराचं कारण फील्डमध्ये घडलं की शांततेच्या ठिकाणी, याने काही फरक पडत नाही, असं तिथेच म्हटलंय. म्हणजे बोर्डाने दिलेलं कारण लष्कराच्याच नियमात बसत नाही. अपिलात हा मुद्दा सगळ्यात वर घ्या.

दोन, धरमवीर सिंग निकाल, 2 जुलै 2013. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असं धरायचं, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर. काकांची भरतीची तपासणी स्वच्छ असेल आणि बीपी सोळा वर्षांनी निघालं असेल तर हा निकाल सरळ लागू पडतो. बोर्डाने नुसता निष्कर्ष लिहून भागत नाही, कारणं द्यावी लागतात.

तीन, पोस्टिंग प्रोफाइल. बीपी निघण्याआधी काका कुठे होते?

वाईकर_पुतण्या

काकांना विचारलं. जून 2013 पर्यंत काश्मीरमध्ये फील्डला होते. बीपी ऑक्टोबर 2013 मध्ये पीसला आल्यावर वार्षिक तपासणीत निघालं.

कलम_चौदा

मग केस भक्कम आहे. ‘पीसमध्ये सुरुवात’ याचा अर्थ इथे फक्त पीसमध्ये मोजलं गेलं इतकाच आहे. बीपी आधी लक्षणं दाखवत नाही, तपासणीत सापडतं. फील्ड सोडल्याची आणि निदानाची तारीख एकाखाली एक लिहा, मधे फक्त चार महिने आहेत हे वाचणाऱ्याला दिसू द्या. दोन्ही तारखा त्यांच्याच कागदातून उचला, आठवणीतून नको.

एक जागा आधीच तपासा: 2013 च्या बोर्डातलं वजन. प्रमाणापेक्षा बरंच जास्त असेल, वजन कमी करा असा सल्ला नोंदवलेला असेल, तर सरकारी वकील त्यावरच बोट ठेवतात. तसं असेल तर नंतरच्या बोर्डांत वजन उतरल्याच्या नोंदी शोधून जोडा.

आणि आत्ता खासगी डॉक्टरचं प्रमाणपत्र काढायला पैसे घालवू नका. प्रश्न निवृत्तीच्या दिवशीच्या स्थितीचा आहे. टक्केवारीवर तुमचं भांडण नाही, 40% त्यांनीच लिहिलंय. उलट नवीन बोर्डाची मागणी केली आणि टक्केवारी खाली आली तर हातचंही जाईल.

नोंदवही_नाशिक

पैशाचा हिशेब असा. 100% अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30%, पुढे टक्केवारीच्या प्रमाणात. समजा मूळ वेतन 40,000 आणि सैन्य सेवा वेतन 5,200, म्हणजे 45,200. त्याचे 30% होतात 13,560. 40% ला 5,424 रुपये. पण राम अवतार निकालानंतर (10 डिसेंबर 2014) मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही राउंडिंग मिळतं: 50 च्या खालचं 50, 50 ते 75 ला 75, त्यावर 100. म्हणून 6,780, वर महागाई भत्ता, आणि हे नेहमीच्या पेन्शनशिवाय. राउंडिंगची मागणी याचिकेत वेगळी, स्पष्ट लिहा. न मागितलेलं मिळेल या भरवशावर राहू नका.

उशिराबद्दल: तरसेम सिंग निकालानुसार (2008) पेन्शनचा हक्क उशिराने मरत नाही, पण थकबाकी साधारणपणे याचिका दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे 2021 पासूनचा काही काळ गेला, आणि इथून पुढे प्रत्येक महिन्याला एक महिन्याची रक्कम जातेय. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यातच टाका.

स्पर्शवर तक्रार टाकून हे सुटत नाही. तिथे मंजूर रकमेतली चूक दुरुस्त होते, बोर्डाचं मत बदलत नाही. आणि 21 सप्टेंबर 2023 पासूनचे नवे नियम त्यानंतर निवृत्त झालेल्यांसाठी आहेत. सरकारच्या उत्तरात कोणी ते दाखवले तर काकांची निवृत्तीची तारीख दाखवून हरकत घ्या.

वाईकर_पुतण्या

खूप आभार. अर्ज उद्याच पोस्टात टाकतो. काका आता फार प्रवास करू शकत नाहीत. रेकॉर्ड ऑफिस आहे तिथे, की दिल्लीला जावं लागेल?

कलम_चौदा

कुठेच नाही. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे याचिका करू शकतो, महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ आहे. काकांनी वकीलपत्रावर सही करायची आणि प्रतिज्ञापत्र वाईतच नोटरीसमोर करायचं, तारखांना वकील हजर राहतात. मूळ याचिकेसोबत उशीर माफीचा वेगळा अर्ज जोडायला सांगा. निकाल बाजूने लागला आणि दिलेल्या मुदतीत नवा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आला नाही, तर त्याच खंडपीठाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. नवी याचिका लागत नाही.