केट बुशचा ‘द ड्रीमिंग’: दुर्लक्षित की नुसताच खच्चून भरलेला?

खाडीकाठ, रत्नागिरी
‘द ड्रीमिंग’ हा ब्रिटिश गायिका केट बुशचा चौथा अल्बम, १९८२चा. एकटीने निर्मिती केलेला पहिला. ब्रिटनमध्ये ३ऱ्या क्रमांकावर गेला, पण शीर्षकगीताचं सिंगल ४८वरच अडकलं. पुढे ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५) आला आणि याला कोणी विचारेना. २०२२मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत ‘हाउंड्स’मधलं गाणं वाजलं, त्यामुळे नवी पोरं आली, तीही त्याच अल्बमवर थांबली. खरे धाडसी प्रयोग मात्र इथे आहेत. फेअरलाइट हे तेव्हाचं सॅम्पलिंग यंत्र (कुठलाही आवाज टिपून सुरांत वाजवणारं) ८ बिटचं, एका वेळी ८ आवाज, प्रत्येकाला १६ किलोबाइट मेमरी. सेकंदाला ३० हजार नमुने घेतले तर अर्ध्या सेकंदात मेमरी संपते. लांबी वाढवायची तर नमुने कमी घ्यावे लागतात आणि वरची चमक जाते. बाईंनी त्या खरखरीलाच कामाला लावलं.

सुपारीबाग, गुहागर
यंत्र ठीक, गाण्याचं काय? पियानो, ढोल, पुरुषांचा कोरस आणि मुख्य गळा सगळे आवाजाच्या मधल्याच पट्ट्यात घुसतात, मग शब्द हरवतात. ‘लीव्ह इट ओपन’ची शेवटची ओळ तर मुद्दाम अशी केलीय की कानाला कळूच नये. कोडं घालायचं तर घाला, पण त्याला गाणं म्हणू नका.

पायपेटी, कुडाळ
अहो, गळा बदलतो कारण पात्र बदलतं. कुठे चोर, कुठे व्हिएतनामचा सैनिक, कुठे जादूगार हुदिनीची बायको. त्या ‘हुदिनी’ गाण्यासाठी दूध आणि चॉकलेट खाऊन तिने आवाज मुद्दाम घोगरा केला. दशावतारात राक्षसाचा आवाज फाटला की आपण त्याला बेसूर म्हणतो का?

सुपारीबाग, गुहागर
राक्षस रात्रभर रंगमंचावर नसतो हो! ‘नाइट ऑफ द स्वॉलो’ बघा: कडव्यात जागा मोकळी, मग लियम ओफ्लिनचे आयरिश पाइप्स (बॅगपाइपसारखं वाद्य) आणि फिडल येतात, म्हणून अंगावर काटा येतो. हेच बाकी नऊ गाण्यांत का नाही?

खाडीकाठ, रत्नागिरी
नऊ म्हणजे जरा जास्तच झालं. ‘ऑल द लव्ह’ही मोकळंच आहे. नव्याने ऐकणाऱ्याने दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी: सातवं (‘नाइट ऑफ द स्वॉलो’), नववं (‘हुदिनी’), दहावं, मगच पहिली बाजू. पत्र्याखाली धो धो पावसात स्पीकरवर लावू नका, बारीक आवाज सगळे बुडतात, हेडफोन घ्या. छोट्या ब्लूटूथ डब्यावर ‘हुदिनी’तला एबरहार्ड वेबरचा बास निम्माही पोचत नाही.

पायपेटी, कुडाळ
जुनी एलपी असेल तर आधी बुरशी बघा. आपल्याकडच्या दमट हवेत कागदी आतलं पाकीट ओल धरतं. ते टाकून पॉलिथीनचं घाला. तबकडी डिस्टिल्ड पाण्याने खाचेच्या दिशेने गोल पुसा, लेबल भिजू देऊ नका, उभी वाळवा. (एलपीआधीच्या लाखेच्या ७८ आरपीएम तबकडीवर अल्कोहोल कधीच नको, लाख विरघळते.)

सुपारीबाग, गुहागर
तबकडी धुऊन चटचट जाईल, गर्दी कशी जाईल? सातवं पुन्हा ऐकतो. पहिल्या बाजूबद्दल मत तेच.