तरुण मुलं एकदा येतात, परत फिरकत नाहीत… आमचं चुकतंय कुठे?

सांजवारा:
नमस्कार मंडळी. आमचा छोटासा गट आहे, एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांकडे दर रविवारी जायचं, गप्पा मारायच्या, औषधं आणून द्यायची, मोबाईलवर काही अडलं असेल तर बघायचं. आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे. तरुण पोरं यावीत म्हणून कॉलेजात जाऊन बोललो, पहिल्या रविवारी १४ जण आले आणि तिसऱ्या रविवारी फक्त २. गटातले म्हणतात आजकालच्या मुलांना मोबाईलपुढे काही सुचत नाही, पण मला नाही पटत, आली होती ती मनापासून काम करत होती हो. आम्ही थकल्यावर हे पुढे नेणार कोण, खरंच काळजी वाटते.

कोरी_पाटी:
त्या १४ जणांना काम काय दिलं होतं? विचारते कारण मी १७ वर्षांची असताना एका वाचनालयात मदतीला जायचे, दोन महिने नुसत्या खुर्च्या लावल्या, सोडणारच होते. मग तिथल्या काकूंनी एक दिवस लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली, लाल दोरा बांधलेली, म्हणाल्या आजपासून हे तुझं, कधी उघडायचं काय मांडायचं तूच ठरव. पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला, कोण काय घेऊन गेलं ते लिहिलंच नाही, ६ पुस्तकं गेली ती गेलीच. काकू रागावल्या नाहीत, कोरी वही दिली आणि म्हणाल्या रकाने तूच आख. त्यानंतर ४ वर्षं क्वचितच शनिवार चुकला असेल.

निवांत:
अगदी हेच. संशोधक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या ३ पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं, ते याला सहभाग मानतच नाहीत. बॅनर धरायला लावून फोटो काढला की आपण नेमके तिथेच अडकतो. आणि लहान आहेत म्हणून जबाबदारी द्यायची नाही हेही चूक, बालीतल्या मेलाती आणि इझाबेल विजसेन या बहिणींनी २०१३ मध्ये प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली तेव्हा एक १२ वर्षांची होती नि दुसरी १०. २०१९ मध्ये तिथे पिशव्यांवर बंदी आली. इतकी वर्षं चिकाटी राहिली कारण काम त्यांचं स्वतःचं होतं, असं मला वाटतं.

पाऊलवाट:
सगळं पटलं, पण जाण्यायेण्याचा खर्च गटाने द्या. ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण आहे ती मुलं लाजेने बोलत नाहीत, गप्प येणं बंद करतात. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी आहे हेही आधीच सांगून टाका. आणि १८ च्या आतल्यांना कुणाच्या घरी एकटं पाठवू नका, जोडीने पाठवा, पालकांना कल्पना देऊन.

सांजवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल येत नसलेल्यांपैकी एकीला फोन केला, तर म्हणाली काकू, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल शिकवायचा तास घेऊ का असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्ही बघू म्हणालात. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. या रविवारी तो तास ती घेणार आहे, कुणाला शिकवायचं ती यादीही तिच्याकडेच दिली आहे.