मदत हवी आहे : लहान मुलीसाठी समुपदेशक, चिपळूण-रत्नागिरी-राजापूर

नात्यातल्या मुलीसाठी विचारतेय. नाव-गाव विचारू नका, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात (2012) मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. तक्रार झाली. जबाब घरीच घेतला, पोलीस ताई साध्या कपड्यांत आल्या, तेवढं बरं.

अडचण पुढची आहे. पोर रात्री दिवा मालवू देत नाही, मागीलदारी न्हाणीत एकटी जात नाही. आजी म्हणते बाहेरचं असेल, गाऱ्हाणं घालू. घाला हवं तर, पण पोरीला देवळात चारचौघांत उभी करायची नाही, यावर मी अडून बसलेय.

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलांसोबत काम करणारं आपल्या भागात कुणी माहीत आहे का? दर आठवड्याला मुंबई झेपणारी नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (14416) बोलून तिच्या आईला आधार वाटला, पण मुलीला समोर बसणारं माणूस हवं. बालकल्याण समितीकडून खटल्यात सोबतीला सहायक व्यक्ती कुणाला मिळाली का? मनोधैर्य योजनेचा (अत्याचारग्रस्तांना राज्य सरकारची आर्थिक मदत) अर्ज केलेल्यांनीही सांगा.

आणि शिमग्याला चाकरमानी आले की ओटी-पडवीत रांगेनं अंथरुणं पडतात. मुलांना वेगळं झोपवू म्हटलं की "सगळे आपलेच तर आहेत!" तुम्ही घरात यावर काय बोलता?